जाते म्हणायचं नाही

आमच्या आत्याच्या दारातून कुणी "जातो" म्हणून सुटलेलं मी पाहिलेलं नाही. फाटकापर्यंत पोहोचलेल्या माणसाला ती हाक मारून परत बोलवायची, ओट्यावर बसवायची, घोटभर पाणी पाजायची आणि "येतो" म्हणवून घेऊनच सोडायची. गॅसवालाही यातून सुटला नाही. "अहो मावशी, टाकी संपली की मी येणारच आहे," तो खांद्यावर रिकामी टाकी घेऊन म्हणाला. "मग तसं म्हणायला तुझं काय जातं?" आत्या म्हणाली. बिचारा टाकी खाली ठेवून पाणी प्यायला.

अशा बाईच्या घरी परदेशातली मुलं ठेवायची, ही कल्पना माझ्या बाबांची. त्यांच्या क्लबातर्फे शिकणारी मुलं वर्षभरासाठी नाशिकला यायची आणि त्यांना ठेवून घ्यायला घरं काही मिळत नसत. कुणाला आपल्या बाथरूमची लाज, कुणाला त्यांच्या मांसाहाराची धास्ती. आत्या पंचवटीत तीन खोल्यांत एकटी राहायची. आतोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सातवी शिकलेली, सोवळ्याओवळ्याची बाई. ती नाहीच म्हणणार असं धरून बाबांनी विचारलं. तिने एवढंच विचारलं, "पोळीभाजी खातात ना?" बाबा म्हणाले, "शिकतील." "मग येऊ देत," आत्या म्हणाली.

त्यानंतर दर वर्षी कुणी ना कुणी येत राहिलं. आत्या त्यांना परदेशी म्हणत नसे. "आमच्याकडे बाहेरगावची मुलं असतात," असं भाजीबाजारात सांगायची, जणू जिल्ह्यातल्याच पेठहून नाहीतर सटाण्याहून शिकायला आली आहेत. इंग्रजीचा तिला गंध नव्हता. ती त्यांच्याशी मराठीतच बोलायची, फक्त आवाज चढवून. "अगं आत्या, त्यांना ऐकू येतं," मी म्हणायचे. "ऐकू येतं ना? मग कळेलही," ती म्हणायची. आणि कळायचं हो त्यांना. मी तेव्हा कॉलेजात होते, मागच्याच गल्लीत राहायचे, म्हणून बाबांनी मला दुभाषी नेमलं होतं. महिन्याभरात माझं काम संपायचं. मला त्याचा चक्क राग यायचा.

मग एस्टोनियाहून लीस आली. हा देश कुठे आहे हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. "असेल कुठेतरी," आत्या म्हणाली. "तिथेही हिची आई वाट बघतच असेल." आणि पहिल्याच दिवशी तिने लीसची लीला करून टाकली.

लीला खोटं बोलत नसे. आपण ज्याला खोटं समजतही नाही, तेसुद्धा नाही. कारल्याची भाजी कशी झालीय असं आत्याने विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "वाईट." मी घाईने तिच्यापुढे आमटीची वाटी सरकवली. आत्या मात्र खूश. "इतकी वर्षं सगळे छान छान म्हणून गिळतायत. एक तरी खरं बोललं," ती म्हणाली. लीलाचं "नको" म्हणजे नकोच असायचं. आत्याने सवयीने आग्रहाची पोळी ताटात टाकली, तेव्हा लीलाने ती उचलून परत डब्यात ठेवली. उष्टी पोळी, सगळ्या पोळ्यांवर. आत्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवसापासून आत्याच्या घरचा आग्रह बंद झाला, आणि ते पुण्य मी लीलाच्या खात्यावर अजून मांडते.

खरी लढाई झाली ती दारात. लीला कॉलेजला निघताना म्हणायची, "आत्या, जाते." आत्या तिला परत बोलवायची, बसवायची, पाणी द्यायची. "येते म्हण." लीला पाणी प्यायची आणि म्हणायची, "पण मी जाते. येत नाही. येते खोटं." मी तिला समजावलं, की ही आमची रीत आहे, जाते म्हणणं अशुभ असतं. तिने नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज सकाळी त्या ओट्यावर दोघी हटून बसलेल्या. लीलाचा पहिला तास बुडायला लागला, तेव्हा आत्यानेच तोड काढली. "हे बघ, जाऊन येते म्हण. जाणं पण आलं, येणं पण आलं. आता तर खरं झालं?" लीलाने थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली, "हे खरं." मग वर्षभर रोज सकाळी गल्लीला ऐकू जाईल असं "जाऊन येते" व्हायचं. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारायला निघाली, तेव्हाही तेच म्हणाली. परतली ती कानापर्यंत केशरी होऊन, आणि आल्या आल्या आत्याला म्हणाली, "बघ, आले."

तिचं वर्ष संपत आलं तशी आत्या गप्प गप्प राहू लागली. कारण मला उमगलं. शेवटच्या दिवशी ही मुलगी दारात काय म्हणणार? परत येईन की नाही हे तिचं तिलाच माहीत नव्हतं, आणि खोटं तर ती बोलणार नव्हती. "मी सांगू का तिला? तुझ्या समाधानासाठी म्हणेल," मी विचारलं. "मुळीच नाही," आत्या म्हणाली. "मागून घेतलेलं येते काय कामाचं?"

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत्याने लीलाच्या हातावर दही घातलं, कपाळाला कुंकू लावलं. लीला उंबऱ्यावर नुसती उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. मग वाकून आत्याच्या पाया पडली आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसली. मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. आत्या पदराने हात पुसत म्हणाली, "जाते नाही ना म्हणाली? ते काय कमी आहे?"

पुढे लीलाचे व्हिडिओ कॉल येत राहिले. आत्या फोन कानाला लावायची, त्यामुळे लीलाला तिकडे फक्त आत्याच्या कानातली कुडी दिसायची. अशी काही वर्षं गेली. मग आत्या मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर लीलाचा फोन आला, तेव्हा मी तो हातात धरला होता, त्यामुळे तिला पहिल्यांदा आत्या पुरती दिसली. वाळलेली, अंथरुणावर. लीलाने तिकडे फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "आत्या, येते." आणि फोन ठेवला.

"शिकली बाई शेवटी निरोप घ्यायला," मी म्हटलं.

"निरोप कसला?" आत्या म्हणाली. "ती उगाच येते म्हणायची नाही. आतल्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाक."

मी हसले. गाद्या काही टाकल्या नाहीत. पंधरा दिवसांत द्वारका चौकातून रिक्षा करून लीला दारात हजर झाली आणि त्या रात्री कुबट गादीवर झोपली. वास येतो, असं मला स्पष्ट सांगितलंही. महिनाभर राहिली, आत्याला धरून घरभर चालवलं, कारलंही खाल्लं, वाईट म्हणत म्हणत. निघताना आत्या वॉकर धरून फाटकापर्यंत आली होती. "जाऊन येते," लीला म्हणाली. आत्याने तिला परत बोलावलं नाही.

गेल्या थंडीत एका दुपारी आत्या झोपेतच गेली. लीलाला मीच फोन करून कळवलं. मग तिने विचारलं, "जाते म्हणाली?"

"नाही गं," मी म्हटलं. "काहीच म्हणाली नाही."

"बरं," लीला म्हणाली. "मग मी येते."

मी फोन ठेवला, पंचवटीतलं घर उघडलं आणि आतल्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या.