बंद मोटरवर घेतलेली परीक्षा

गेल्या मंगळवारी आमच्या गावच्या दूध संस्थेत सकाळचं सगळं दूध ओतून द्यावं लागलं. चूक माझी होती... म्हणून लिहितोय.

हुपरीच्या अलीकडे आमचं गाव. मी हायस्कूलला मराठी शिकवतो आणि संस्थेचा सचिव आहे. दूध थंड करणाऱ्या टाकीच्या कंप्रेसरला थ्री-फेज मोटर आहे. आमच्याकडे तीनपैकी एक फेज कधी जाईल याचा नेम नाही, आणि उरलेल्या दोनवर मोटर चालत राहिली की जळते.

त्यासाठी आधी एक प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र, बसवलेला होता. पण व्होल्टेज जरा खालीवर झालं तरी तो मोटर बंद पाडायचा... उन्हाळ्यात दिवसातून चारदा. दूध तापायचं, बोलणी मला बसायची. मला काहीतरी साधं हवं होतं.

बरंच वाचलं. शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातून तीन साधे रिले, म्हणजे वीज गेली की आपोआप सुटणारे स्विच, आणले, प्रत्येक फेजला एक. फेज गेली की तिचा रिले सुटेल आणि मोटर थांबेल. वहीत काढलेली ती आकृती मला सुंदर वाटली होती.

आमचे वायरमन महादूमामा यांनी जोडणी केली. मोटर बंद ठेवून आम्ही एकेक फ्यूज काढला. दरवेळी रिले टक् करून सुटला.

"सर, चालू मोटरवर बघूया की एकदा," मामा म्हणाले. टाकीत दूध होतं, मोटरला काही झालं तर ते जाईल म्हणून मी नको म्हटलं. "मास्तर मानूस, पेपर सोप्पा काढला," म्हणत त्यांनी पक्कड पिशवीत टाकली.

मंगळवारी सकाळचं संकलन आटोपलं. मोटर चालू होती, मी कुलूप लावून शाळेत गेलो. तीन वाजता मामांचा फोन आला... संस्थेच्या खिडकीतून जळका वास येतोय.

मोटर जळाली होती. कशी, ते मामांनी नंतर समजावलं. चालू मोटरची एक फेज गेली, तर फिरणारी मोटर त्या मेलेल्या तारेत स्वतःच व्होल्टेज तयार करते. रिलेला वाटतं, तिन्ही फेज आहेत. तो सुटत नाही. जुना प्रिव्हेंटर तिन्ही फेजमधला फरक बघायचा, म्हणून तर तो इतका कटकट्या होता.

संध्याकाळी टँकर आला. त्यावरच्या माणसाने नमुना तपासला, दूध नाकारलं आणि टाकीचं झाकण लावलं. आम्ही खालचा नळ उघडला. बराच वेळ दूध गटारीतून जात राहिलं.

दूध घालणारी माणसं जमली होती. काही जण ओरडले, ते सोपं गेलं. सुमनआक्का मात्र नुसती उभी होती. तिची एकच म्हैस, तिच्यावरच घर चालतं.

"सर, म्हशीनं दूध चांगलंच दिलतं की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा किटली घेऊन आली. जळालेली मोटर नवी तार भरून यायला चार दिवस लागतील, तोवर दूध घेता येणार नाही, हे मला तिला सांगावं लागलं. तिने किटली दुसऱ्या हातात घेतली आणि परत निघाली.

कुणाचे आभार मानावेत तर तिचे... तिने मला एकदाही विचारलं नाही, की तुम्ही असं का केलं. टाकीतलं दूध वाचवायला, हे तिला सांगता आलं नसतं.