डी ड्राइव्हला हात न लावणारा माणूस

सुरतेतल्या माझ्या पोलिसातल्या नोकरीतली एक चोरी मला आजही कालच्यासारखी आठवते. मोठमोठे गुन्हे विसरलो, ही विसरलो नाही.

फिर्यादी बाई शहराच्या लिंबायत भागातली, मूळची खान्देशातली. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. पूर्वी ती घरी बसून साड्यांचे धागे कापायची. मग कॉम्प्युटर शिकली आणि साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं बनवू लागली. आठ वर्षांची डिझाइनं एका सीपीयूत होती. भरदुपारी ती रेशनच्या रांगेत उभी असताना कोणीतरी तो सीपीयूच उचलून नेला. दुसरीकडे कॉपी ठेवली नव्हती का, असं मी विचारलं. ती म्हणाली, कॉपी घराबाहेर गेली की आठ दिवसांत डिझाइन सगळ्या बाजारात दिसतं, म्हणून कधीच ठेवली नाही. सुरतेत राहणाऱ्याला हे पटतं. आमच्या जमादाराला मात्र ही किरकोळ चोरी वाटली. मी त्याला तिथल्या तिथे झापलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या खबरी रिक्षावाल्याचा फोन आला. उधन्याच्या एका एम्ब्रॉयडरी कारखानदाराला त्याने गोडादऱ्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सोडलं होतं, आणि त्याच्या मांडीवर साडीत गुंडाळलेला सीपीयूएवढा डबा होता. हा कारखानदार बाईचं जुनं गिऱ्हाईक. त्याचं घरी येणं-जाणं होतं, ती कधी बाहेर जाते हे त्याला पाठ होतं.

आम्ही दुकानात पोहोचलो तेव्हा कारखानदार मशीन तपासूनच घेत होता. सीपीयूचा बाहेरचा डबा बदलून कोरा करकरीत बसवलेला, डब्याचं बिल खिशात. आतला माल आपला घरचाच जुना, असं तो छातीठोकपणे सांगू लागला. मशीन चालू करून पाहिलं तर आत काहीच नाही, जणू आजच दुकानातून आणलेलं. पंचांसमोर मशीन सील केलं आणि कारखानदार व दुरुस्तीवाला दोघांनाही ठाण्यात आणलं.

बाईला बोलावून घेतलं. नवीन सिस्टीम टाकली आहे हे ऐकताच ती बाकावर बसली. म्हणाली, "मग सगळं गेलं, साहेब. आता परत धागेच कापायचे."

ते ऐकून माझं डोकं फिरलं. मला वाटलं, दुरुस्तीवाला या चोरीत सामील आहे. दोन तास मी त्याला हिंदीत आडवा-उभा घेतला. तो एकच सांगत राहिला, गिऱ्हाइकाने काम दिलं, मी केलं. पण घाबरलेला माणूस घरच्या भाषेत वेगळा बोलतो, हा माझा अनुभव आहे. तो खान्देशातला आणि मीही धुळ्याकडचा. चहा मागवला आणि अहिराणीत म्हणालो, "भाऊ, तू काय करं ते माले पहिलेपाईन दखाड."

मुद्देमालाला हात लावायचा नव्हता, म्हणून ठाण्यातलाच एक वापरात नसलेला कॉम्प्युटर त्याच्यापुढे ठेवला. त्याने खिशातला पेन ड्राइव्ह लावला, मशीन चालू करताना एक बटण दाबलं आणि आधी पेन ड्राइव्ह वाच असा हुकूम मशीनला दिला. थोड्या वेळाने पडद्यावर डिस्कचे दोन भाग दिसले, सी आणि डी. नवीन सिस्टीम कुठे टाकायची, असं मशीन विचारत होतं. त्याने सी पुसला आणि पुढे गेला. मी विचारलं, डी का ठेवलास?

कप खाली ठेवून तो म्हणाला, "साहेब, लोके म्हंतस समदं पुशी टाक. मंग आठ दिनमां रडत येतस. म्हनीसन डी ले मी हात लावत नही. फक्त दपाडी ठेवस."

म्हणजे गिऱ्हाइकाला डी दिसू नये एवढीच तो व्यवस्था करायचा. आतला मजकूर जसाच्या तसा. कारखानदाराने सगळं पुसायला सांगितलं होतं, आणि हा आपल्या सवयीने जपून बसला होता. मी खुर्चीतून उठलोच. डिझाइनं कुठे असायची, हे बाईला विचारलं. ती म्हणाली, डीमध्येच.

तरीही मी घाई केली नाही. आधी बाईला कागद दिला. चोरीच्या दिवशी डिझाइनातली जी वेल अर्धी राहिली होती, ती तिने पंचांसमोर आठवणीने काढली, वेलीच्या कुठल्या पानावर काम थांबलं होतं तेही दाखवलं. त्या कागदावर पंचांच्या सह्या घेतल्या आणि मग डिस्क प्रयोगशाळेकडे पाठवली. अहवालातली वेल त्याच पानावर थांबली होती. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर कारखानदाराचा ताठा उतरला. त्याने कबुली दिली.

माझ्या टीमने पंचनामा असा चोख केला होता की आरोपीच्या वकिलाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण या प्रकरणाने मला माझी चूकही दाखवली. ज्याला मी आरोपी समजून दोन तास दमात घेतलं, तोच आमचा सर्वांत भक्कम साक्षीदार निघाला. साक्ष झाल्यावर कोर्टाच्या आवारात, शिपायांदेखत, मी त्याची माफी मागितली. तो इतका लाजला की मलाच संकोच वाटला.

कोर्टाच्या हुकमाने मशीन सुटलं तेव्हा ते लावून द्यायला तोच गेला. मीही गेलो. त्याने डी परत दिसता केला आणि आठ वर्षांची डिझाइनं पडद्यावर ओळीने उभी राहिली. बाईने नवऱ्याला फोन करायला मोबाइल घेतला होता, तो तसाच बाजूला ठेवला. खुर्ची पुढे ओढली आणि ती अर्धी वेल उघडून कामाला लागली. आम्ही दोघं दाराशी उभे आहोत, हे ती साफ विसरून गेली होती.