माझ्या अक्षरातला अर्ज

आमचं गाव नांदेडपासून इतकं जवळ की शाळेत असताना आम्ही सायकलवर सिनेमा बघून यायचो. तरी ते गावच होतं. मग हायवे रुंद झाला आणि कापसाच्या रानांत मुरमाचे रस्ते पडले, सिमेंटचे खुंट रोवले गेले. आमचंही रान प्लॉट पाडून विकलं. त्यातला एक मी ठेवला आणि त्यावर दोन मजली घर बांधलं.

शेजारी हदगावकडचे निवृत्त तलाठी आले. देगलूरहून घरात तेलुगू बोलणारं एक कुटुंब आलं, ट्रकांचा धंदा असलेले सरदारजी आले, कोपऱ्यावर एका मुसलमान टेलरनं मशीन टाकली. किनवटचं तरुण जोडपं माझ्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलं. कुणाला कुणाचा आजा-पणजा माहीत नव्हता, आणि खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. गावात मी अमक्याचा पोरगा होतो. इथं शाळेतला शिक्षक म्हणून सगळे मान द्यायचे.

जुनं घर एकच उरलं होतं, गल्लीच्या तोंडाशी, मावशीचं. मावशी नात्यातली नव्हे, आईची मैत्रीण. माझ्या पाठच्या बहिणीच्या वेळी आई अंथरुणाला खिळली तेव्हा वर्षभर मी मावशीच्याच घरी जेवलो. तिनं जागा विकली नव्हती. पत्र्याच्या गोठ्यात चार म्हशी, भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या. अर्ध्या कॉलनीत तिच्या दुधाचा रतीब होता.

एका रविवारी सकाळी तलाठ्यांच्या ओट्यावर बैठक बसली. माशा होतात, वास येतो, म्हशींचं मूत नव्या रस्त्यावर वाहतं, अशी तक्रार होती. ती खोटी नव्हती. गोठा हलवावा म्हणून सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीला द्यायचा, असं ठरत होतं.

टेलर म्हणाले, "पहले अम्मा से बोलके तो देखो."

देगलूरच्या बाई म्हणाल्या, "मी तिचंच दूध घेते. माझी सही नको."

तिथं गावातला मी एकटाच होतो. म्हशी आधीच्या आहेत, आपण नंतर आलो, एवढं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी गप्प बसलो. तलाठी म्हणाले, "सर, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच लिहा." मी अर्ज लिहिला. 'सदर गोठ्यामुळे परिसरातील सुसंस्कृत नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले आहे.' त्यातला सुसंस्कृत हा शब्द कुणी सांगितलेला नव्हता. तो मी माझ्या मनानं घातला, आणि लिहिताना मला बरंही वाटलं.

महिनाभरानं एका दुपारी मावशी दारात उभी राहिली. सोबत तिची नात होती. सातवीपर्यंत ती माझ्याच हाताखाली शिकली होती.

"लेकरा, नोटीस आली म्हणे. काय लिहिलं हाय ते वाच बरं."

नोटिशीला माझ्या अर्जाची झेरॉक्स जोडलेली होती. मी खुर्चीवर बसलो, मावशी खाली जमिनीवरच बसली. वर बस म्हणायचंही मला सुचलं नाही. मी माझीच वाक्यं वाचायला लागलो. त्या शब्दापाशी आलो आणि तो गाळून पुढं गेलो.

"सर, एक शब्द राहिला," नात म्हणाली.

मी मागं येऊन तो वाचला.

"म्हणजे कसले लोक?" मावशीनं विचारलं.

"म्हणजे... शिकलेले. चांगले."

"हां. अन् लिहिलं कुणी हे?"

"कॉलनीवाल्यांनी," मी म्हणालो.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. बायकोनं चहा टाकला होता, पण ती थांबली नाही.

म्हशी नायगावला तिच्या लेकीकडं पाठवायचं ठरलं. सरदारजींनी आपली गाडी दिली. टेलर दुकान बंद करून दोर धरायला आले. मीही गेलो, पण हाताला काम सापडेना. कडब्याची एक पेंढी उचलून उगाच इकडून तिकडं ठेवली. मावशी एकटी दिसली तशी जवळ जाऊन म्हणालो, "मावशी, मला आधी कळलं असतं तर..."

तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

"पोरीनं घरीच वाचून दाखवलं होतं मला. अक्षर बघूनच म्हणली, आजी, हे आपल्या सरांचं हाय. मी म्हणलं, न्हाई, एकदा त्याच्या तोंडून ऐकू."

एवढं बोलून ती गाडीकडं वळली. "तिला मधी उभी करा," एका म्हशीकडं बोट करून तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "ती लई भिते."

त्यानंतर आठ दिवस मी शाळेत जाताना मागच्या रस्त्यानं गेलो. स्वतःला सांगत राहिलो की सह्या तर बहुतेकांच्या होत्या, मी नुसता लेखनिक. बायकोला सारं सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "अन् ती विचारत होती तेव्हा का नाही बोललात?" अर्ज लिहिल्यापेक्षा मला त्या 'कॉलनीवाल्यांनी'ची लाज जास्त वाटते.

शेवटी मी तिच्या घरी गेलो. रिकामा गोठा धुऊन काढला होता. फरशी बसवणारे बिहारचे चार मजूर तिथं भाड्यानं येणार होते, आणि देगलूरच्या बाई मावशीशेजारी बसून शेंगा फोडत होत्या. त्यांच्यादेखतच मी म्हणालो, "मावशी, अर्ज मी लिहिला होता. तुझ्याशी खोटंही बोललो. चुकलं माझं."

देगलूरच्या बाईंचा हात थांबला. मावशी शेंगा फोडतच राहिली.

"म्हशी तर गेल्या आता," ती म्हणाली. मग सुनेला हाक मारून तिनं चहा ठेवायला सांगितला. सुनेनं कप पुढं केला. नको म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं. मी तो घेतला आणि खाली बघत प्यायलो.