थंडर तालीम आणि दिलीपरावांची पाटी

आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत भजनं झाली, निवडणुकीची गाणी झाली, बारशाच्या निमंत्रणाला म्युझिक लावून झालं. पण किस्से म्हणाल, तर बाकी सगळ्यांचे मिळून होणार नाहीत एवढे एकट्या 'थंडर तालीम'नं सहा आठवड्यांत दिले. कुणी चहाला बसलं की त्यातला एक निघतोच, आणि तो संपायच्या आत दुसरा आठवतो.

थंडर तालीम हा आपल्या कोल्हापूरचा ग्लॅम मेटल बँड. म्हणजे फुगवलेले केस, डोळ्यांत काजळ, बिबट्याच्या ठिपक्यांची घट्ट पँट आणि कानठळ्या बसवणारी गिटार. पंचवीस वर्षांपूर्वी एक कॅसेट काढून तिघं प्रपंचाला लागले. गायक दिलीपराव भाजी मार्केटात सौदे पुकारतात, गिटारवाल्या रफिकभाईंचं लेथचं वर्कशॉप आहे आणि ड्रमर आनंदाचं राधानगरी रोडला गुऱ्हाळ.

पुन्हा एकत्र यायला कारण झालं दिलीपरावांच्या गळ्याचं. सौदे पुकारून स्वरयंत्रावर गाठ आली. ऑपरेशन ठरलं, पण नंतर आवाज कसा राहील हे डॉक्टर सांगेनात. म्हणून त्याआधी एक अल्बम करायचा. डॉक्टरांची अट अशी, की गाण्यापुरतंच तोंड उघडायचं, एरवी एक शब्द नाही. आणि जुन्या कॅसेटच्या शेवटी ती लांबलचक किंकाळी आहे ना, जिच्यासाठी आम्ही कॉलेजात कॅसेट रिवाइंड करकरून फीत झिजवली, ती घ्यायचीच असेल तर एकदाच.

त्यांच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, त्याच दिवशी नवऱ्याच्या गळ्यात लिहायची पाटी अडकवली.

* * *

कोल्हापूरचा माणूस, त्यात सौदे पुकारणारा, आणि मौन! पहिल्याच आठवड्यात स्टुडिओच्या दारात एका मोटारसायकलवाल्यानं दिलीपरावांना कट मारला. यांनी स्कूटर स्टँडला लावली, पाटी काढली आणि शिवी लिहायला घेतली. मध्येच खडू मोडला. तो गडी पळून जाईल की नाही? तर उलट थांबला. सगळी शिवी वाचली आणि म्हणाला, "अक्षर चांगलं हाय की, पावणं."

वहिनी मात्र खूश होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, लग्नाला बावीस वर्सं झाली. माझं बोलणं आत्ता कुठं पुरं व्हायला लागलंय."

* * *

स्टुडिओत कोण बघतंय? तरीही दिलीपराव रोज पूर्ण वेषात यायचे. काजळ, टाचांचे बूट, सगळं. त्याशिवाय गळा उघडत नाही म्हणे. एकदा आमचे भजनी बुवा अचानक आत आले. त्यांनी दिलीपरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "नाटक कुठलं बसवताय?"

दिलीपरावांनी पाटी दाखवली: "नाटक न्हाय. ड्युटी हाय."

बुवांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली, बाहेर गेले, चपला काढल्या आणि मग पुन्हा आत आले.

* * *

आनंदाला क्लिकवर वाजवता येईना. ताल धरायला हेडफोनमध्ये दिलेली ती टिकटिक ऐकली की म्हणायचा, "भिंतीतली पाल हाय ही. तालाचं काय हाय ह्यात?" शेवटी गुऱ्हाळावरच्या जुन्या डिझेल इंजिनाचा आवाज मोबाइलवर घेऊन आला. त्याच्यावर पठ्ठ्यानं असं वाजवलं की मी थक्क झालो. फक्त गाण्याच्या मध्यावर ताल जड झाला, दम लागल्यासारखा ओढत चालला आणि मग हळूहळू सावरला.

"हितं काय झालं रे?"

"हितं ऊस घातला की घाण्यात. इंजिन लोडवर आलं."

आम्ही तसंच ठेवलं. ज्यांना ज्यांना ऐकवलं, ते त्या जागेला वा म्हणतात.

* * *

रफिकभाईंचा सोलो अडतीस वेळा चुकला. बोटांना आता लेथची सवय. मी म्हटलं, "भाई, चांगले चांगले तुकडे कापून जोडतो. कुणाला कळायचं नाही."

भाईंनी गिटार खाली ठेवली. "वेल्डिंग मारलेला शाफ्ट मी गिऱ्हाइकाला नवा म्हणून कधी दिला न्हाय. रंग मारला की त्येबी कुणाला कळत न्हाय." आणि गिटार पुन्हा उचलली. एकेचाळिसाव्याला सोलो सरळ आला. माझ्या अंगावर काटा आला, आजही येतो.

* * *

राहिली किंकाळी. ती शेवटच्या दिवशी ठेवली होती.

वहिनी म्हणाल्या, मी आत बसणार. त्या तशा बँडच्या विरोधातच. कोमट पाण्याचा तांब्या आणि डॉक्टरांचा कागद घेऊन दिलीपरावांसमोर स्टुलावर बसल्या. काचेपलीकडून मी बजावलं, "लाल दिवा जाईपर्यंत रेकॉर्डिंग चालू, कुणी बोलायचं न्हाय." वहिनींनी मला कागद दाखवला आणि एक बोट वर केलं. एकदाच.

दिलीपरावांनी डोळे मिटले आणि किंकाळी घेतली.

कॅसेटमधली पोराची होती. ही त्याच माणसाची होती, मधल्या पंचवीस वर्षांसकट. रफिकभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आनंदानं टोपी काढली.

आवाज विरत होता, दिवा लालच होता. दिलीपरावांचं काजळ गालावर उतरलं होतं. त्यांनी पाटी घेतली, लिहिलं, "कसं झालं?" आणि बायकोपुढे धरली.

वहिनींनी डॉक्टरांचा कागद घडी घालून कमरेला खोचला. पदरानं पाटी पुसली. त्यांच्या हातातला खडू घेतला आणि लिहिलं,

"अजून एकदा."