सरांना उचलायला लावलेलं शिसं

मी पहिल्यांदा एकटीनं ग्लायडर उडवलं, त्या दिवशी खाली माळावर एका माणसाला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. माझ्या आनंदात सामील व्हायला नव्हे. मला त्यांचं तोंड पाहायचं होतं.

ते आमचे कॉलेजातले सर. छात्र पथकाचं काम त्यांच्याकडे होतं. मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी जाहीर केलं की, पथकातली एक मुलगी ग्लायडिंगच्या शिबिराला जाणार. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घारीसारखं वाऱ्यावर तरंगणारं, एवढंच तेव्हा कळलं. तेवढ्यानेही माझी झोप उडाली. परेडमध्ये मी पहिली होते, लेखी परीक्षेतही पहिली. मलाच पाठवणार अशी सगळ्यांची खात्री होती.

सरांनी मैदानावर वजनकाटा मागवला. धान्याच्या दुकानातला, गोण्या ठेवायचा. मी त्यावर उभी राहिले. सर वाकून आकडा बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचं त वजनच भरत नाई! काऊन वं, तुमच्या वस्तीत पोरींले खाऊ घालत नाईत का? तू तशीच वाऱ्यानं उडून जाशील, तुले विमान कशाले पाह्यजे?"

अख्खं मैदान हसलं. आमची वस्ती म्हणजे बुद्धविहारामागची. ती कुठली, ते सरांना माहीत होतं आणि हसणाऱ्यांनाही माहीत होतं.

ही गोष्ट घरी मी सांगितली नाही, पण आईला कुणाकडून तरी कळली. तिनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर दुधाचा मोठा पेला यायला लागला. केळी, शेंगदाणे-गूळ, भाकरीवर तुपाची धार. बाबा एसटी डेपोत मेकॅनिक होते, घरात पाच माणसं. आईनं स्वतःचा चहा कोरा करून टाकला. मला मळमळायला लागेपर्यंत ती खाऊ घालायची आणि म्हणायची, "अजून एक घास, माय. तो माणूस पुन्हा बोलला नाई पाह्यजे."

तो माणूस पुन्हा बोलला. महिन्याभरानं पुन्हा काटा आला, पुन्हा "कमी" म्हणाले आणि शिबिराला सरांच्या मित्राची मुलगी गेली. ती माझ्याहून बारीक होती. तिला काट्यावर उभंच केलं नव्हतं.

आई सरांच्या घरी विचारायला गेली. त्यांनी तिला फाटकाबाहेरच उभं ठेवलं. "बाई, हा विमानाचा नियम आहे. तुमच्या डोक्यात नाई शिरणार," एवढं सांगून ते आत गेले. घरी येऊन आई म्हणाली, "नियमच हाय म्हणते." तिनं ते खरं मानलं. सगळ्यात वाईट तेच झालं. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांत माझा विषय निघाला की ती म्हणायची, "पोरगी विमानात जाणार होती, पण मीच तिले नीट पोसलं नाई." मी कितीही सांगितलं तरी तिच्या मनातून ते जाईना.

मी इंजिनिअर झाले. वीज कंपनीत लागले, चार गावं फिरून बदलीनं परत आमच्या आर्वीला आले. त्याच सुमारास हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी रोहणा गावापुढच्या माळावर धावपट्टी करून छोटा ग्लायडिंग क्लब काढला. आम्ही त्यांना कॅप्टन म्हणायचो. पट्टीची वीजजोडणी तपासायला मी गेले आणि तपासणी झाल्यावर तिथंच घुटमळत राहिले. पांढऱ्या लांब पंखांचं दोन आसनी ग्लायडर शेडबाहेर उभं होतं. कॅप्टन म्हणाले, "बसून बघायचंय? वजन किती तुमचं?"

इतक्या वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न. मी आकडा सांगितला.

"थोडं कमी पडतंय," ते म्हणाले आणि शेडमध्ये गेले. येताना हातात शिशाची एक चपटी, जड पाटी होती. ती त्यांनी पुढच्या आसनाखाली सरकवली, दोन बोल्ट आवळले आणि हात झटकले. "झालं. बसा."

"एवढंच?"

"एवढंच. पुढं वजन कमी पडलं तर नाक वर उचलतं, म्हणून ही पाटी. हलकी माणसं उडतातच की. पहिल्यापासून असंच चालत आलंय." माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "भीती वाटतेय का?"

मी हो म्हटलं. पण ती भीती नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर आईचा कोरा चहा होता. दोन बोल्टचं काम होतं ते, आणि त्यासाठी माझी आई वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसली होती.

त्या हिवाळ्यात मी एक रविवार चुकवला नाही. लोकांना वाटायचं, हिला आभाळाचं वेड लागलंय. वेड होतंच, पण मला त्या माळावर ओढून नेणारी गोष्ट वेगळी होती. मी चिडून शिकत होते. दांडी, पेडल, वेग, वाऱ्याची दिशा, सगळं चिडून पाठ केलं. कॅप्टननी "पुढच्या रविवारी तुम्ही एकट्या" असं सांगितल्याबरोबर मी सरांचा नंबर मिळवला.

सर निवृत्त झाले होते आणि पोलीस भरतीचे वर्ग चालवत होते.

"सर, मी तुमची विद्यार्थिनी. येत्या रविवारी एकटी विमान उडवणार आहे. तुम्ही यायलाच पाहिजे."

"अरे वा वा! कोणत्या सालची वं तू?" मी साल सांगितलं, आडनाव सांगितलं. ते खुशीत म्हणाले, "आलोच समज! माह्या वर्गातल्या पोरींलेही घेऊन येतो. प्रेरणा भेटन त्यायले."

त्यांना काही आठवत नव्हतं. मी ज्या गोष्टीवर इतकी वर्षं जळत राहिले, ती त्यांच्या लेखी घडलीच नव्हती.

रविवारी सर पांढऱ्याशुभ्र शर्टात आले. सोबत वीसेक मुली, हातात शाल आणि नारळ. कॅप्टननी बोला म्हणायच्या आतच त्यांनी भाषण सुरू केलं. "हिच्यातला गुण मी तेव्हाच हेरला होता. मी म्हटलं होतं, ही पोरगी एक दिवस उडणार!" मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग मी ग्लायडरजवळ जाऊन मोठ्यानं म्हटलं, "सर, एक मदत कराल? शेडच्या दारात शिशाची पाटी ठेवलीय. तेवढी आणून द्या ना. तुमच्या हातानं."

विद्यार्थिनीनं मान दिला म्हणून सर हसत गेले. पाटी दिसते त्याहून बरीच जड असते. दोन्ही हातांत धरून, पोटाशी टेकवून ते येऊ लागले. शर्टावर काळा डाग उमटला. येईपर्यंत त्यांना धाप लागली.

"काऊन लागते हे?" त्यांनी विचारलं.

"माझं वजन कमी भरतं सर. तेव्हाही भरत नव्हतं. तुम्ही धान्याचा काटा मागवला होता, मैदानावर. सगळ्यांसमोर म्हणाला होता, तुमच्या वस्तीत पोरींना खाऊ घालत नाहीत का." मी मुलींकडे वळले. "वजन कमी असलं की एवढंच करायचं असतं. ही पाटी आसनाखाली ठेवायची, दोन बोल्ट लावायचे. सरांनी माझ्या आईला सांगितलं, विमानाचा नियम आहे. नियम हा आहे. सरांच्या हातात आहे तो."

सर पाटी धरून तसेच उभे. कुठं ठेवावी ते त्यांना कळेना आणि मी हात पुढे केला नाही. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. शेवटी कॅप्टननीच ती त्यांच्याकडून घेतली, बसवली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "हे उडायच्या आधी करायला नको होतं. डोकं थंड आहे का? नाहीतर आज राहू द्या."

"थंड आहे," मी म्हटलं. नव्हतं.

पट्टे आवळले, काचेचं झाकण लावलं. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला ग्लायडर ओढणाऱ्या विंचचं इंजिन घरघरलं, केबल ताणली गेली आणि ग्लायडर धावायला लागलं. मागचं कॅप्टनचं आसन रिकामं, त्यामुळे ते रोजच्याहून लवकर जमीन सोडून गेलं. नाक आभाळाकडं, पाठ आसनाला दाबलेली. वर पोचल्यावर मी पिवळी मूठ ओढली आणि केबल सुटली. मागून "छान" म्हणणारं कुणी नव्हतं.

डावीकडे संत्र्याच्या बागा, उजवीकडे नांगरून ठेवलेलं काळं रान. त्या रानावरून गरम हवा उठत होती आणि दोन घारी तिच्यात फिरत होत्या. मी त्यांच्या शेजारी शिरले. खरं तर सरळ एक फेरी मारून उतरायचं ठरलं होतं. पण खाली तो पांढरा ठिपका मान वर करून उभा होता, आणि मला वाटलं, राहू दे उभा. दुखू दे मान. मी एक गिरकी घेतली. मग दुसरी.

दुसऱ्या गिरकीत मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले आणि अचानक सगळं शांत झालं. ग्लायडरमध्ये शांतता चांगली नसते. झाकणावरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज बसला म्हणजे वेग गेला. दांडी हातात ढिली झाली होती. डावा पंख जड होऊन खाली कलायला लागला. एक क्षण मला पुढचं सगळं दिसलं. पडलेलं ग्लायडर, जमलेली माणसं, आणि मान हलवत बोलणारे सर, 'म्हणूनच मी नाई पाठवलं.'

मी दांडी पुढे ढकलली. नाक खाली गेलं, वाऱ्याचा आवाज परत आला, पंख सरळ झाला. लोक म्हणतात, रागानं माणूस आंधळा होतो. मला रागानंच तिथवर नेलं आणि रागानंच परत आणलं. त्यांना ते वाक्य म्हणायला मिळू नये म्हणून मी उरलेली फेरी अशी मारली की, पुढे तशी पुन्हा क्वचितच जमली असेल. वळणं नेटकी, वेग जागच्या जागी. शेवटच्या टप्प्यात उंची जास्त वाटली तेव्हा पंखांवरचे ब्रेक उघडले आणि चाक पट्टीवर टेकलं. धक्का जवळजवळ जाणवलाच नाही.

मुली धावत आल्या. सर मागून शाल घेऊन आले. आवाज खाली गेला होता. "बेटा, मले खरंच आठवत नाई. झालं असन काही. वरून नावं येत होती तेव्हा..."

"मला आठवतं," मी म्हटलं. "शाल मला नको. माझ्या आईला नेऊन द्या. घर तुम्हाला माहीत नसेल, पण तुम्हाला ती फाटकाबाहेर उभं ठेवणार नाही."

ते चहा न घेता गेले. त्या संध्याकाळी कॅप्टननी मला झापलं, गिरक्यांसाठी आणि त्या आधीच्या नाटकासाठीही. पुढचे दोन रविवार त्यांनी मला जमिनीवरच ठेवलं. मी ते मुकाट्यानं मान्य केलं. ऑफिसातही बोलणं झालं की, म्हाताऱ्या माणसाचा असा अपमान करायला नको होता. ज्यांनी तसं म्हटलं, त्यांच्यापैकी कुणीच गोणीच्या काट्यावर उभं राहिलेलं नव्हतं.

आईला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाटीचं सांगितल्यावर तिनं मला मधेच थांबवलं.

"म्हंजे वजनाचं काईच नवतं?"

"काहीच नव्हतं, आई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग जवळ सरकून म्हणाली, "घाम आलता का त्याले? पुन्हा सांग बरं."

मी पुन्हा सांगितलं. शर्टावर डाग पडला ते ऐकून ती हसली, तोंडावर हात न ठेवता.

शाल घेऊन सर काही आले नाहीत. आता कधी आर्वीच्या बाजारात दिसले की ते रस्ता बदलू पाहतात. मी त्यांना बदलू देत नाही. चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "जय भीम, सर!" आणि ते उत्तर देईपर्यंत तिथंच उभी राहते.