सहाव्या उमेदवाराचे चिरंजीव

तमाम मराठी वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पन्नासच्या दशकातली मुंबई राज्याच्या विधानसभेची निवडणूक अजून संपलेली नाही. ती दुबईत, इंटरनॅशनल सिटीत, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या टायपिंग सेंटरमध्ये चालू आहे. ते राज्य गेलं, नकाशा बदलला, त्या सभागृहात बसलेली माणसंही गेली. पण एका उमेदवाराचा प्रचार कालपरवापर्यंत दणक्यात चालला होता, आणि तो करणारे होते आमचे समोरच्या फ्लॅटमधले चाचा.

टायपिंग सेंटर म्हणजे व्हिसापासून भाडेकरारापर्यंत सगळे सरकारी अर्ज अरबीत टाइप करून देणारं दुकान. ते चाचांचंच. चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचे, पासष्टीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांच्या कार्डावर नावाखाली हुद्दा नाही. तिथे छापलंय, 'माजी उमेदवाराचे चिरंजीव'. मराठीत, इंग्रजीत आणि अरबीत. ते अरबी वाचून एकदा एक स्थानिक गृहस्थ चक्क उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून त्याने सलाम केला. चाचांनी तो आपल्या दिवंगत वडिलांच्या वतीने स्वीकारला. दुकानाच्या काउंटरवर निळ्या रंगाची एक लाकडी होडी आहे. ती वडिलांची निवडणुकीतली निशाणी. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा असे. हे चाचा नुसतं सांगत नसत, करून दाखवत. दुकानात बिस्किटांचे चार रिकामे डबे मांडलेले. करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा हवा त्याने पहिल्या डब्यात चिठ्ठी टाकायची, कॉफीवाल्याने दुसऱ्यात, लिंबू सरबतवाल्याने तिसऱ्यात. चौथ्यावर होडीचं चित्र. त्यात पडलेल्या चिठ्ठीतून काहीच मिळत नसे, पण टाकणाऱ्याला चाचा दारापर्यंत पोचवायला जात.

अर्जाच्या बाबतीत मात्र हा माणूस छळवादी. प्रत्येक अर्ज सात वेळा तपासणार. उम्म अल कुवैनच्या साइटवरून सुट्टी काढून आलेला एक साताऱ्याचा गवंडी कळवळून म्हणाला, "चाचा, यल्ला, लवकर करा की, माझी बस जाईल!" चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले, "बस दुसरी येते बाबा. बाद झालेला अर्ज परत येत नाही. माझ्या आयने लहानपणापासून हेच शिकवलंय."

ती आय, नव्वदीला टेकलेली, त्यांच्याजवळच राहते. तिचंही एक वेड. दाराची बेल वाजली की हॉलमधल्या पलंगावरून ती खणखणीत ओरडते, "मरियम दाऊद!" पाणीवाला असो, कुरियरवाला असो, चुकून आलेला कोणी असो. मरियम ती, दाऊद तिचा नवरा. विमानतळावर तर अधिकाऱ्याने मान वर करायच्या आधीच तिने नाव ठोकलं होतं. आम्ही हसायचो. वय झालं, म्हणायचो.

आता मूळ पापाकडे येतो. ते माझ्या घरात घडलं.

चाचा चहाला आले होते आणि माझ्या मुलीला उमेदवारांची यादी ऐकवत होते. ती आम्हा सगळ्यांना पाठ आहे. एक वकील, एक शाळामास्तर, एक जहाजवाला, दोन खोत, आणि सहावे, हे नाव चाचा उभं राहून घेत, त्यांचे बाबा. मुलीचा अंगठा मोबाइलवर त्या निवडणुकीच्या निकालांवरून फिरत होता. ती सहज म्हणाली, "अंकल, इट सेज फाइव्ह."

"नीट बघ बाळा. खाली असेल."

"आय चेक्ड. ओन्ली फाइव्ह. युवर डॅड इज नॉट देअर."

चाचांनी कप बशीत ठेवला. "भरणाऱ्याने नीट भरलं नसेल," ते म्हणाले. पण चहा तसाच ठेवून गेले. मी मुलीकडे असं पाहिलं की ती पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातले चारही डबे पालथे होते. तिसऱ्या दिवशी चाचांनी एक अर्ज फक्त एकदा वाचून दिला; गिऱ्हाईक इतकं घाबरलं की ते स्वतःच सहा वेळा वाचत बसलं. चौथ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, "आयला विचारा ना. तिला ठाऊक असणार."

"बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो," चाचा होडीवरची धूळ पुसत म्हणाले. "अख्खा गाव मला उमेदवाराचा पोर म्हणायचा. आता तिने नाही म्हटलं, तर मी इतकी वर्षं कोणाचा पोर होतो? आणि मला बरं वाटावं म्हणून खोटं हो म्हटलं, तर ते मला लगेच कळेल. ते जास्त वाईट."

शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी मला जेवायला ओढून नेलं. "तुमी समोर असलात की ती रडायची नाही," एवढंच कारण. बांगड्याचं कालवण होतं, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शेवटी चाचांनी ताटात बघत विचारलं, "आय, बाबा उभे होते ना?"

म्हातारीने बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"उभा नव्हता," ती म्हणाली. "उभं राहायला निघाला होता."

चाचांनी डोळे मिटले.

"त्याच्या आधी कधीतरी मतदारांची यादी करणारा आला होता. अंगणातून विचारलं, घरातल्या बाईचं नाव काय? परक्या पुरुषाला आपलं नाव सांगायची रीत होती का तेव्हा? आणि नवऱ्याचं तरी कोण घेत होतं? मी दाराआडून म्हटलं, यांची बायको. तेच लिहिलं त्याने. मग तसल्या बिननावाच्या बायका यादीतून कापल्या. आमाला कुठं ठाऊक?" तिने पाण्याचा घोट घेतला. "अर्जाला सूचक लागतो, मतदार असलेला. गावात धा जण तयार होते. तुझा बाबा म्हणाला, नाय, माझी सूचक माझी बायको. सगळ्या तालुक्याला दाखवायचं होतं त्याला. मला सही शिकवली. पंधरा दिवस पाटीवर गिरवत होते मी. आणि छाननीला साहेबाने यादी उघडली, तर मरियम नावाची बाईच नाय. अर्ज बाद."

"मग बाबा काय बोलले?" चाचांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"काय नाय. घरी आला. निशाणीच्या होडीला रंग देत होता, तो पुरा केला. लोक उमेदवार, उमेदवार म्हणून चिडवायचे, हा हसत ओ द्यायचा. मला एका शब्दाने बोलला नाय रे. बोलला असता तर बरं झालं असतं."

ती रडली नाही. मी समोर होतो म्हणून असेल. मला एकदम ते सगळे पाणीवाले, कुरियरवाले आणि विमानतळावरचा तो अधिकारी आठवले, आणि आम्ही किती हसलो होतो तेही.

तेवढ्यात बेल वाजली.

सवयीने आयचं तोंड उघडलं. आणि मिटलं. मी तिथे आल्यापासून पहिल्यांदाच बेल वाजून गेली आणि त्या घरातून आवाज आला नाही. बाहेरच्यालाही ते चुकल्यासारखं वाटलं असावं. त्याने दारावर थाप मारली. "पानी! अरे, घर में कोई है?"

चाचा उठले. हात कालवणाचा, डोळे भरलेले. त्यांनी दार सताड उघडलं आणि खांद्यावर बाटली घेतलेल्या त्या पाणीवाल्याच्या तोंडावर, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, "मरियम दाऊद! हमारे बाबा की सूचक!"