बोट हुंगणाऱ्या डॉक्टरीणबाई

भिंगारच्या बाजारात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई तोंड उघडायला सांगायच्या आधी बाईमाणसाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट धरून नाकाशी न्यायच्या. मिश्री लावणारीच्या बोटाला जळक्या तंबाखूचा वास येतो, साबणानेही जात नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, ही बाई वेडी आहे.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. मी तिशीची होते. खालचे पुढचे चार दात हलत होते. भाकरी दुधात कुस्करून खायचे आणि नवऱ्याला सांगायचे, मला अशीच आवडते. माझ्या आईचं पस्तिशीत बोळकं झालं होतं. माझंही होणार, ही भीती होती.

बाईंनी बोट हुंगलं. "दिवसातून किती वेळा?"

"दोनदा."

"म्हणजे पाचदा."

पाचदाच होतं. सासूबाई घरी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायच्या. हिरडीतून रक्त आलं की म्हणायच्या, "घासू नगं, खरवडतंय. मिश्री लाव, ठणका थांबतो." मी तेच करत होते. रक्त येतं म्हणून घासणं सोडलं, त्याने रक्त वाढलं, म्हणून मिश्री वाढवली.

"घरात साखरेचा आजार कुणाला?" बाईंनी विचारलं.

"आईला होता."

"मग लघवी तपासून ये. साखर वाढली की हिरडी लवकर सडते."

तपासली. साखर निघाली नाही. "एक चोर कमी झाला," बाई म्हणाल्या.

त्यांनी चारांतला एक दात काढला आणि माझ्याच तळहातावर ठेवला. "कीड दिसते?" दिसत नव्हती. मुळाला मात्र काळा, दगडासारखा थर होता. "दात धड आहे. हिरडीनं सोडला. उरलेले तीन मी साफ करत राहीन, पण बोट तुझं आहे."

दर पंधरवड्याला जायचे. दोन खेपांनंतर मी शहाणपणा केला, मिश्री डाव्या हाताने लावू लागले. बाईंनी उजवं बोट हुंगलं, सोडलं आणि म्हणाल्या, "डावा."

मी हात पदराखाली घेतला.

"अगं, निम्म्या भिंगारनं हे करून पाहिलंय." त्यांनी हत्यारं ट्रेमध्ये ठेवली. "आज साफ करणार नाही. मी पुसायचं आणि तू सारवायचं, असं किती दिवस चालणार? जा घरी."

घरी येऊन मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, माझ्या वाटची भाजू नका."

"का गं?"

"डॉक्टरीणबाईंना वास येतो."

"बाई हाय का पोलिसाचं कुत्रं?" म्हणाल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाजली मात्र आपल्यापुरतीच. पहिला आठवडा माझं डोकं फार दुखलं, तरी लावली नाही.

बाईंचा नवरा लष्करात होता, वर्षभराने त्याची बदली झाली. मी भेटायला गेले. सामान बांधून झालं होतं. सवयीने मी उजवा हात पुढे केला, मग डावाही. त्यांनी दोन्ही बोटं नीट हुंगली.

"मेथी निवडून आलीस."

"व्हय."

"मग तोंड उघडू नको. बस, चहा घे."

ते तीन दात अजून जागेवर आहेत. मागचे काही गेले, त्याचं काही नाही. कणीस मी दातांनीच खाते.